मानेतील ठोके देणारी गाठ

मानेवर गाठ दिसली की आपल्याकडे पहिला तर्क होतो तो गंडमाळेचा, म्हणजे क्षयाच्या गाठीचा. पुष्कळदा तो खराही ठरतो. दुसरी धास्ती कॅन्सरची. पण क्वचित एखादी गाठ या दोहोंपैकी कोणतीच नसते. तिची ओळख पटण्यापूर्वीच तिचा तुकडा तपासणीसाठी काढू गेल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते. आज त्या गाठीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

जबड्याखाली, मानेच्या एका बाजूला बोटे हलकेच ठेवा, नाडी लागेल. ती कॅरॉटिड धमनी होय. तिला पुढे दोन फाटे फुटतात : एक मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला वर्दी देतो आणि आपला श्वास वाढतो. श्वसनाचे हे नियंत्रण उलगडल्याबद्दल बेल्जियमचे शास्त्रज्ञ हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कधी हा पहारेकरीच वाढू लागतो. अँडीज पर्वतावरच्या विरळ हवेत राहणाऱ्या लोकांत हा विकार अधिक आढळतो. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. त्याला कारण होणारे एक जनुक २००० साली सापडले. म्हणून रोग्याच्या भावंडांचीही विचारपूस करावी लागते.

ही गाठ सहसा दुखत नाही. वर्षानुवर्षे सावकाश वाढते. धमनीला बिलगलेली असल्यामुळे ती आडवी हलते, वरखाली हलत नाही. अनेकदा हाताला ठोके लागतात. सोनोग्राफीत आणि सीटी वा एमआरआय चित्रांत तिने फाकवलेले दोन फाटे स्पष्ट दिसतात.

मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा. १८८० साली झालेल्या पहिल्या प्रयत्नात रोगी दगावला. आज रक्तदाब वाढविणारे द्रव्य गाठीतून स्रवते का, हे आधी तपासतात. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा कधी आधीच बंद करतात. मग धमनी राखून गाठ सोडवतात. जीभ, आवाज व गिळणे यांच्या नसा शेजारीच असल्याने हात अनुभवी हवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. म्हणून वृद्ध रोग्याची लहान गाठ नुसती नजरेखाली ठेवणे, किंवा किरणोपचाराने तिची वाढ रोखणे, हेही शहाणपणाचे ठरते.

तेव्हा घाबरू नये, पण गाठ अंगावरही काढू नये. आणि ठोके देणाऱ्या गाठीपुरता एक नियम लक्षात असू द्यावा : आधी चित्र, मग शस्त्र.