उंदीर, काचनळ्या आणि पाळणाघर

सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं तपासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 साली एका तरुणीनं एमएस्सी केली. पुढे स्तनाच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर तिनं जे काम केलं, त्यासाठी 1982 मध्ये तिला पद्मभूषण मिळालं. ती तरुणी म्हणजे डॉ. कमल रणदिवे. सीताफळाकडून कर्करोगाकडे गेलेली ही वाट वरवर वाटते तितकी आडवळणाची नाही. दोन्ही ठिकाणी शोध एकाच गोष्टीचा होता: पेशीच्या आत काय चाललंय?

8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा आणि मग फर्ग्युसन असं कमलताईंचं शिक्षण झालं. मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनं दोन्ही केलं नाही. 1939 मध्ये त्यांचं लग्न गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झालं. पतीनं पुढच्या शिक्षणाला मनापासून पाठबळ दिलं. त्या काळात ही गोष्ट किती मोठी होती, ते लक्षात येण्यासाठी एकच आठवण पुरे. 1933 साली कमला सोहोनी यांना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला जात होता, आणि तो मिळाला तोही अटी घालून.

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची प्रयोगशाळा वसंत खानोलकर यांच्या हाती होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर माणसाच्या पेशी जिवंत ठेवण्यासाठी गाय यांनी वर्षानुवर्षं धडपड केली होती. याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या आणि वाढतच राहिल्या. त्या पेशी घेताना तिची परवानगी कुणी विचारली नव्हती, हेही या इतिहासात नोंदवायलाच हवं.

रणदिवे हे तंत्र शिकून परतल्या आणि त्यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण करायला फार चिकाटी लागते. ऊतीचा बारीक तुकडा पोषक द्रवात ठेवायचा. तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं. द्रव वेळोवेळी बदलायचा. एक जिवाणू जरी आत शिरला, तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते. एवढा खटाटोप कशासाठी? रुग्णाच्या शरीरात गाठ कशी वाढते, हे सतत पाहत राहणं शक्य नसतं. काचनळीतल्या पेशींना मात्र संप्रेरक देऊन, विषाणूच्या संपर्कात आणून, त्यांच्यात काय फरक पडतो ते पाहता येतं.

पेशींइतकंच महत्त्व उंदरांना होतं. सख्ख्या भावंडांचा वीस किंवा अधिक पिढ्या संकर केला की जवळजवळ एकसारख्या आनुवंशिक घडणीचे उंदीर मिळतात. अशा काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग फार होतो. त्यांची पिल्लं दुसऱ्या वाणाच्या आयांच्या दुधावर वाढवली, तर कर्करोगाचं प्रमाण घटतं, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं. रोगाला हातभार लावणारा एक विषाणू आईच्या दुधातून पिल्लांकडे जात होता. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत उंदरांवर याच दिशेनं काम केलं. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकत्रित विचार करणं, हे मला त्यांच्या संशोधनाचं सर्वांत मोलाचं अंग वाटतं. उंदरातला तो विषाणू स्त्रियांमधल्या कर्करोगाचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. आनुवंशिकतेचा धागा मात्र खरा ठरला. 1990 च्या दशकात स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकं हाती लागली.

कुष्ठरोगाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. हान्सेन यांनी 1873 मध्ये या रोगाचा जिवाणू ओळखला, पण तो प्रयोगशाळेतल्या माध्यमात आजतागायत कुणालाही वाढवता आलेला नाही. रणदिवे, त्यांचे सहकारी बापट आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या ऊतींमधून मिळालेले जिवाणू पेशींच्या संवर्धनात वाढवले. ते जिथे काम करत, त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयसीआरसी’ असं नाव पडलं. पुढे कळलं की हे मूळ कुष्ठजिवाणू नसून त्याच कुळातले दुसरे आहेत. तरीही त्यांच्यापासून लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली. विज्ञानात एखादी गोष्ट अपेक्षेहून वेगळी निघाली, तरी ती निकामी ठरत नाही.

1966 पासून चार वर्षं रणदिवे या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. परदेशात शिकणाऱ्या तरुणांनी मायदेशी परतावं, असा त्यांचा आग्रह असे. पण मुलींना विज्ञानात आणायचं तर नुसत्या उपदेशानं भागत नाही, हे त्या जाणून होत्या. 1973 मध्ये त्यांनी सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह ‘भारतीय महिला वैज्ञानिक संघटना’ स्थापन केली. नवी मुंबईत वाशीला संघटनेनं नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. प्रयोग अर्ध्यावर सोडून घरी पळावं लागणाऱ्या आईला भाषणापेक्षा पाळणाघर जास्त उपयोगी पडतं. माझ्या मते, पुढच्या पिढीसाठी त्यांनी केलेलं हे काम कर्करोग संशोधनाच्या तोडीचं आहे. उतारवयातही त्या थांबल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेवेचं प्रशिक्षण दिलं. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचं निधन झालं.

आज बारावीला जीवशास्त्रात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीपुढे घरोघरी एकच वाट ठेवली जाते, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची. तिथे थोड्या गुणांनी हुकलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. अशी मुलगी तुमच्या घरात असेल, तर डॉक्टर न होताही रोगाशी झुंजता येतं, हे तिला सांगा. खारघरचं टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र किंवा जवळच्या विद्यापीठातली प्रयोगशाळा तिला एकदा दाखवता आली तर दाखवा. आणि एखाद्या संशोधन संस्थेत तुमच्या शब्दाला वजन असेल, तर तिथे पाळणाघर आहे का, एवढं विचाराच.