पानगळीची बेगमी

ओला कचरा घरात बाराही महिने तयार होतो. सुकी पाने मात्र मुंबईत मुबलक मिळतात ती माघ-फाल्गुनातच. घरगुती कंपोस्टचे सगळे गणित या विषम पुरवठ्यावर उभे आहे. खताचा डबा बिघडतो तो बहुतेक वेळा पावसाळ्यात, आणि त्याचे मूळ असते फेब्रुवारीत न साठवलेल्या पाचोळ्यात. म्हणून शिशिराचे शेवटचे सहा-सात आठवडे हा बाग करणाऱ्यांचा खरा बेगमीचा काळ आहे. या दिवसांत गृहिणी पापड-कुरडयांच्या तयारीला लागते, तसा बागवाल्याने पाचोळा गोळा करायचा असतो.

कांदिवली पश्चिमेचे चारकोप हे या कामासाठी चांगले उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे सेक्टर पाडून छोटे भूखंड दिले. बरेचसे भूखंड २५ ते ४० चौरस मीटरचे. घरे लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधली आणि घरांच्या गटाला मध्ये एक सामाईक मोकळी जागा राहिली. बागेसाठी स्वतःचे अंगण जवळजवळ कोणाकडेच नाही. आहे ती सामाईक चौकातली कडेची पट्टी, गच्ची आणि खिडकीची जाळी. पश्चिमेला खाडी आणि तिवरे. मुळात ही जमीन खाजणाची, त्यावर भराव. त्यामुळे माती चिकट, निचऱ्याला वाईट आणि बऱ्याच ठिकाणी खारट आहे. अशा मातीला खत घालायचे ते अन्नद्रव्यांसाठी तर खरेच, पण त्याहून अधिक तिला भुसभुशीत करण्यासाठी.

फेब्रुवारीत या मातीचा दोष वर येतो, अगदी शब्दशः. सकाळी पूर्वेकडून येणारा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकला आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटला, की पारा एकदम ३५ अंशांच्या पुढे जातो. जमिनीतले पाणी वर ओढले जाऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. वाफ्याच्या कडेला किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पापुद्र्यासारखी रेघ दिसते ती हीच. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. झाडाच्या बुंध्यापासून दोन-तीन बोटे जागा सोडून सुक्या पानांचा चार बोटे जाड थर दिला, की बाष्पीभवन कमी होते आणि क्षार वर येण्याचा वेगही मंदावतो. शेकोटी किंवा होळीची राख मात्र अशा खारट जमिनीत ओतू नये. राख अल्कधर्मी असते, तिच्यातही क्षार असतात. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ती मानवते, खाजणाच्या मातीला नाही.

आता खुद्द खताकडे. कचरा कुजतो म्हणजे जिवाणू आणि बुरशी तो खातात. त्यांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र. कर्ब २५ ते ३० भाग आणि नत्र एक भाग, असे प्रमाण असले की काम झपाट्याने होते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत नत्र आणि पाणी जास्त. सुक्या पानांत कर्ब जास्त. म्हणून एक भांडे ओला कचरा घातला की त्यावर एक ते दोन भांडी चुरलेली पाने, हे मापाने सोपे आणि अनुभवाला उतरलेले प्रमाण आहे. पाने कमी पडली तर डब्याला अमोनियाचा उग्र दर्प येतो. हवा कोंडली तर कुजक्या अंड्याचा. दोन्हीवर औषध एकच, सुका पाचोळा आणि उलथापालथ.

ओलावा तपासायला यंत्र नको. मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. बोटांतून पाणी ठिबकले तर ते फार ओले. मूठ उघडताच भुगा सुटला तर फार कोरडे. लाडवासारखा आकार टिकला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर बरोबर. मुंबईच्या फेब्रुवारीत डबा वरून कोरडा पडतो आणि बुडाशी ओला राहतो. त्यामुळे या दिवसांत आठवड्यातून दोनदा तळापासून हलवणे पाणी घालण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

ढिगाचा आकारही महत्त्वाचा. साधारण एक घनमीटर ढीग असला की आतले तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. तणांचे बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. घरच्या वीस लिटरच्या बादलीत ही उष्णता टिकत नाही. म्हणून घरगुती खताला दोन-तीन महिने द्यावेत, आणि जमेल तिथे पाच-सहा घरांनी मिळून चौकात एकच मोठा हौद करावा. चारकोपच्या रचनेत हे सहज जमणारे आहे आणि त्याचा म्हणावा तेवढा उपयोग होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हौदाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी थरांची पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांचा भोकाभोकांचा हौद रूढ केला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' पद्धत. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते, म्हणून ढीग उलथावा लागत नाही. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणे हा तिचा गाभा, आणि शेण दुर्मीळ असलेल्या शहराला नेमके तेच हवे. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या-फळे पिकवली, त्यामागे श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराची प्रेरणा होती.

सगळी पाने सारखी नसतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पर्णिका सर्वांत चांगली. ती चुरावी लागत नाही आणि लवकर मिसळते. बदाम आणि आंब्याची पाने चिवट असतात, थरावर थर बसून हवा अडवतात. ती गोणपाटात भरून पायांनी तुडवली की काम भागते. झाडलोटीत आलेले प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या आधीच वेचाव्यात. महाशिवरात्रीचा बेल आणि माघी गणपतीचे निर्माल्यही चालते. दोरा, जर आणि थर्माकोल काढून. पाने जाळण्याचा मोह मात्र आवरायलाच हवा. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. त्याच नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. गोराईची कचराभूमी २००७ मध्ये बंद झाल्यापासून उत्तर उपनगरांचा कचरा पार शहराच्या पूर्व टोकाला जातो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.

खत तयार झाले की नाही, हे मेथी सांगते. वाटीभर खतात चिमूटभर मेथी पेरावी. तीन-चार दिवसांत कोंब सरळ, हिरवे आले तर खत पक्के. बी कुजले किंवा मुळे तपकिरी झाली तर आणखी महिनाभर मुरू द्यावे. कच्चे खत मातीतलाच नत्र ओढून घेते आणि झाड पिवळे पडते.

या खताची पहिली हक्कदार मोगऱ्याची कुंडी. जानेवारीअखेर तिचे पाणी आठ-दहा दिवस तोडतात. पाने मलूल झाली की फांद्या साधारण निम्म्या छाटायच्या, उरलेली पाने हाताने खुडायची, वरची दोन इंच माती खुरप्याने हलकेच काढून मुळांना एखादा दिवस हवा द्यायची आणि मग तिथे ओंजळ-दोन ओंजळी खत भरून भरपूर पाणी घालायचे. आठवडाभरात काडीच्या सांध्यासांध्यातून पोपटी डोळे फुटतात आणि उन्हाळा लागताना प्रत्येक नव्या फुटीच्या टोकाला कळ्या येतात. ताण न देता नुसते पाणी घालत राहिले तर झाड पानांनी भरते, फुलांनी नाही.

कढीपत्ता थंडीत निजलेला असतो. त्याचा शेंडा आत्ताच खुडला तर बाजूने फुटवे येतात. हळदीची पाने वाळली की कंद काढून पाने ढिगात टाकावीत. शेवंतीची फुले संपली की ती बुडातून छाटावी, मुळाशी येणारी पिल्ले पुढच्या वर्षाची रोपे होतात. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांचे बी फेब्रुवारीत पेरता येते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण याच दिवसांत वाढतो. देठावर मुंग्यांची ये-जा दिसली की समजावे. त्या त्याचा गोड स्राव खातात. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब, तेही उन्हे उतरल्यावर.

उरलेला पाचोळा साठवताना तो पूर्ण वाळलेला हवा. चार जणांच्या घराला पावसाळ्यासाठी सात-आठ मोठ्या गोण्या पुरतात, त्याही नीट दाबून भरलेल्या. गोण्या जमिनीवर न ठेवता विटांवर, छपराखाली ठेवाव्यात, तोंड बांधून. जूनमध्ये हवाच इतकी दमट होते की डब्यातले पाणी आटत नाही, आणि झाडाखाली मिळतात ती चिंब पाने. तेव्हा रोज सकाळच्या सालींवर टाकायला कोरडा चुरा असतो तो या गोण्यांतलाच.