गोटा व्हायच्या आधीच

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी. पिरंगुटहून दुसरी वाट मुठा गाव आणि टेमघर करत लवासाला चढते. रविवारी पहाटे या दोन्ही रस्त्यांवर पुण्यातल्या वेगवेड्या गाड्या आणि मोटारसायकली हमखास दिसतात. त्यातल्या काहींचे टायर नीट पाहावेत. मधली नक्षी ठणठणीत असते, पण कडेचं रबर खरवडल्यासारखं, बारीक लाटा उठलेलं आणि किंचित निळसर. हा घाटात झिजलेला टायर नव्हे, तो ट्रॅक पाहून आलेला आहे.

ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर, शर्यत न लावता, ठरलेल्या सत्रांत पळवायची. पुणेकर त्यासाठी वर्षानुवर्षं चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं करी स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठत आले आहेत. मुळशीच्या वाट्याला आली ती सरळ रेषा. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे. ड्रॅगमध्ये टायरचा छळ अगदी थोडा वेळ चालतो. चाकं जागच्या जागी फिरवून रबर तापवायचं, धूर काढायचा, मग पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, जीव खाऊन सुटायचं. झीज होते ती इंजिनाचा जोर घेणाऱ्या चाकांची. वळणांच्या ट्रॅकवर मात्र चारही टायर भरडले जातात, आणि सारखे मुळीच नाहीत.

‘हा टायर ट्रॅकवर किती टिकेल?’ हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि उत्तर किलोमीटरमध्ये मागतो. मागायला हरकत नाही, पण आकडा ऐकून दचकायची तयारी हवी. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. वीस मिनिटांच्या सत्रात चांगली रस्त्यावरची गाडी आठ-एक फेऱ्या मारते, म्हणजे तीस किलोमीटर. दिवसाला पाच सत्रं धरली तर दीडशे. रस्त्यावर पंचवीस-तीस हजार किलोमीटर सहज जाणारा स्पोर्ट्स टायर हलक्या हॅचबॅकखाली असे पाच-सात दिवस काढतो. म्हणजे हिशोब हजार किलोमीटरच्या आसपासच संपतो. जड आणि ताकदवान गाडीने पुढची जोडी दोन दिवसांत संपवली तरी कुणी नवल करत नाही. मोटारसायकलचा मऊ रबराचा मागचा टायर दोन-तीन दिवसांचाच सोबती.

हे का होतं? टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या तुकड्यावर. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो तुकडा दबतो, सुटतो, आणि त्या दबण्या-सुटण्यातली काही शक्ती उष्णता होऊन रबरातच राहते. लवासाच्या चढावर वळण संपलं की रबराला दम खायला वेळ मिळतो. ट्रॅकवर ब्रेक, वळण, ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक, उसंत नाहीच. स्पोर्ट्स टायर ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास सर्वांत छान चिकटतो. त्याच्या बराच वर गेला की पृष्ठभागाचे कण सुटू लागतात, फोड येतात, कधी नक्षीचे ब्लॉकच्या ब्लॉक उखडतात.

आणि झीज ही अर्धीच गोष्ट. रबर कारखान्यात गंधकाबरोबर भाजून पक्कं करतात. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेली ही युक्ती. ट्रॅकवर तापलेल्या टायरमध्ये ते पक्कं होणं थोडं थोडं पुढे चालूच राहतं, रबर मऊ ठेवणारी तेलं कमी होतात, आणि दर वेळी तापून थंड झालेला टायर आधीपेक्षा जरासा कडक होतो. याला ट्रॅकवरची मंडळी ‘हीट सायकल’ म्हणतात. सकाळपासून पाच सत्रं, म्हणजे पाच हीट सायकल. अर्धी नक्षी शिल्लक असलेला टायर एका दुपारी पकड सोडतो आणि फेरीचा वेळ पुन्हा म्हणून खाली येत नाही. पौड रस्त्यावरच्या टायरवाल्याला तो दाखवला तर तो नखाने खोली चाचपून ‘अजून वर्ष जाईल, साहेब’ म्हणेल. त्याच्या हिशोबाने तो खराच असतो: कायद्याने कारच्या टायरला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते. आपल्याकडे टायरचा ‘गोटा’ होईपर्यंत तो चालवायचाच असतो. ट्रॅकचा टायर गोटा व्हायच्या कितीतरी आधी संपलेला असतो, आणि संपलेला दिसत नाही.

मला यातली सर्वांत गंमतशीर वाटते ती नव्या टायरची गोष्ट. कोरा करकरीत टायर घालून थेट ट्रॅकवर जाणं हा पैसे उडवण्याचा खात्रीशीर मार्ग. आठ मिलिमीटर उंचीचे ब्लॉक वळणात वाकतात, लचकतात आणि त्या लचकण्यानेच जास्त तापतात. अर्धा झिजलेला टायर तुलनेने थंड राहतो. म्हणून परदेशात शर्यतीआधी चांगल्या टायरची नक्षी मुद्दाम तासून घेतात. ट्रॅकसाठीच बनलेले टायर मुळातच उथळ नक्षीचे असतात. रिमोल्डच्या दुकानात जुन्या टायरचं बफिंग, म्हणजे घासणं, पाहिलेल्या माणसाला नवा टायर तासणं पटायला जडच जातं.

टायर निवडताना ‘ट्रेडवेअर’ आकडा कामी येतो. अमेरिकेत टेक्सासच्या ठरलेल्या रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस ३००, त्याच कंपनीचा ट्रॅककडे झुकलेला कप २ आला तेव्हा १८०. आकडा जितका लहान तितकी पकड जास्त आणि आयुष्य कमी, हे ढोबळमानाने खरं. पण हा आकडा कंपनीच ठरवते आणि चाचणी रस्त्याची आहे. त्यावरून ट्रॅकचे दिवस मोजू नयेत.

त्यापेक्षा हवा मोजावी. थंड असताना ३२ पीएसआय भरलेला टायर वीस मिनिटांत ३८-४० वर जातो, टेकणारा तुकडा आक्रसतो आणि मधलं रबर उगाच तापतं. म्हणून जाणकार सत्र संपताच, टायर गरम असताना हवा मोजतात आणि काढतात. परतीच्या प्रवासाआधी आठवणीने भरतातही. शेवटची फेरी सावकाश मारतात. बुद्ध आणि इरुंगट्टुकोट्टई दोन्ही घड्याळाच्या दिशेचे, म्हणजे उजवी वळणं जास्त. कारचा डावा पुढचा टायर आधी जातो, मोटारसायकलची उजवी कड. दिवसाच्या मध्ये चाकं डावी-उजवीकडे बदलली तर एखाद-दोन सत्रांचं आयुष्य वाढतं. पुढची चाकं ओढणाऱ्या, चाकणला बनलेल्या पोलोसारख्या गाडीत बाहेरची कडच खाल्ली जाते; अलाइनमेंटवाल्याकडून निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आतला कल, थोडा वाढवून घेतला तर झीज आतही वाटली जाते.

एवढं करूनही मर्यादा येतेच. बुद्ध सर्किटवर ऑक्टोबर २०१३ मध्ये सेबास्टियन वेटेलने फॉर्म्युला वनच्या साठ फेऱ्यांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीअखेर मऊ टायर टाकून दिले, शर्यत जिंकली आणि चौथं विश्वविजेतेपदही. त्याच्या पिटमध्ये पुढचा संच तयार होता. पुण्याच्या हौशी माणसाला मात्र त्याच टायरवर घर गाठायचं असतं, चेन्नईहून जवळपास बाराशे किलोमीटर. सरळ महामार्गावर मोटारसायकलच्या टायरचा मधला भाग सपाट होतो; कडा ट्रॅकने खाल्लेल्या असतात.

मग हाच टायर जुलैत ताम्हिणीला येतो. इथे हजारो मिलिमीटर पाऊस, डांबरावर शेवाळ, धुकं, आणि रबर गार. कडक झालेलं आणि ऐंशी अंशांची वाट पाहणारं ते रबर इथे साध्या टूरिंग टायरपेक्षाही वाईट वागतं. उथळ नक्षीतून पाणी बाहेर पडत नाही. ट्रॅकवर घोटलेले टायर ‘सत्तर टक्के शिल्लक’ म्हणून विकायला काढतात, ते घेऊ नयेत. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे, समजा २३२४, म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, वय सांगतात. किती वेळा तापला हे कुठेच छापलेलं नसतं. परवडत असेल त्याने ट्रॅकचे टायर वेगळ्या रिमवर ठेवावेत, प्रत्येक सत्राची वहीत नोंद करावी, आणि मुळशीत फिरायला घरचेच टायर लावावेत.