हाक आणि तिची किंमत

महू ही छावणीची वस्ती. आज्ञा आणि पालन म्हणजे काय, हे येथे शेंबड्या पोरालाही समजते. पण देवाची आज्ञा बिगुलासारखी खणखणीत ऐकू येते काय? येथील जुन्या चर्चवरून जाताना मला हा प्रश्न पडतो आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी तेवढ्यावर धर्म बदलला नाही. वाचले, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला. मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा म्हणजे विचाराला रजा, असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे ध्यानात घ्यावीत.

हाक मात्र एकट्याला आली, किंमत दोघांनी मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे नांदायला आल्या, तरी सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे स्वतःच्या मनाला पटले, त्यानंतरच १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. मला तर पतीच्या वाटेपेक्षा हीच वाट बिकट वाटते.

१९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. या खेपेस लक्ष्मीबाई बरोबर होत्या. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबाराला त्यांची पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत.