कोड तोच, मग बिल्ड फेल का?

वर्षानुवर्षं बिनतक्रार कम्पाइल होणारा सी प्रोग्रॅम नव्या मशीनवर अडला की निदान ठरलेलं असतं: कोडला कुणी हात लावलेला नाही, म्हणजे कम्पायलरच बिघडलाय. यातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं बहुतेकदा खोटं. बिल्डच्या कमांडमध्ये भाषेचं स्टँडर्ड दिलेलं नसलं की ते कम्पायलर स्वतःच ठरवतो, आणि त्याची ही निवड बदलत आली आहे. जीसीसीमध्ये ती पाचव्या आवृत्तीपूर्वी जीएनयू९० होती. पाचवीपासून जीएनयू११, आठवीपासून जीएनयू१७ आणि २०२५ साली आलेल्या पंधरावीपासून जीएनयू२३. सी२३मध्ये 'बूल' हा राखीव शब्द आहे, त्यामुळे त्या नावाचा टाइपडेफ करणारी जुन्या हेडरमधली गरीब ओळ एरर ठरते. रिकाम्या कंसाचं दुखणं त्याहून फसवं. फंक्शन पॉइंटरच्या डिक्लरेशनमधल्या रिकाम्या कंसाचा अर्थ पूर्वी 'आर्ग्युमेंट किती ते सांगितलेलं नाही' असा होता, आता 'एकही नाही' असा आहे. एरर मात्र दिसते ती कॉलच्या ओळीवर, 'आर्ग्युमेंट जास्त झाले' म्हणून. आणि माणूस तीच ओळ उलटसुलट तपासत बसतो.

जुना कोड चालवणं हे कम्पायलरचं काम नाही का, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो ते करतोही: एसटीडी फ्लॅगमध्ये जीएनयू१७ सांगा, जुने अर्थ परत येतात. कोडच सुधारावा हे तत्त्वतः बरोबर, पण दुसऱ्याचं पॅकेज आज बिल्ड करायचं असेल तर फ्लॅगच आधी. इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: जीएनयू१७ काय नि सी१७ काय, एकच. एक नव्हे. सी१७ म्हटलं की जीएनयूची वाढीव सोय जाते. 'टाइपऑफ' हा कीवर्ड राहत नाही, आणि लिनक्सवर ग्लिबसीच्या हेडरमधून 'पीओपन', 'फाइलनो' यांसारखी पॉझिक्स फंक्शनं दिसेनाशी होतात. त्यात चौदाव्या जीसीसीपासून डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं ही नुसती वॉर्निंग उरलेली नाही, ती एररच आहे. म्हणजे औषधानेच नवा आजार.

'फ्लॅग तर दिलाय, तरी तेच' या तक्रारीत बहुधा फ्लॅग पोहोचलेलाच नसतो. एकाच कमांडमध्ये दोन स्टँडर्ड आली तर शेवटचं लागू होतं, आणि मेकफाइल आपलं स्टँडर्ड अनेकदा मागून चिकटवते. म्हणून मेकफाइल वाचून अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्यक्ष चाललेली कमांड पाहावी आणि त्याच फ्लॅगांनी 'एसटीडीसी व्हर्जन' या मॅक्रोची किंमत छापावी. २०१७१० आलं तर फ्लॅग लागला. २०२३११ आलं तर तो वाटेतच गळाला.