यीस्टशिवाय सफरचंदाचा मसाला ब्रेड

फ्रिजमधल्या मऊ पडलेल्या सफरचंदांना घरात कुणी हात लावत नाही ना? मग त्यांचा ब्रेड करा. यीस्ट नको, मळणं नको!

दीड कप कणीक, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, 1 चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ आणि मीठ चाळून घ्या. पाऊण कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल फेटून त्यात 1 कप किसलेलं सफरचंद घाला. दोन्ही हलक्या हाताने एकत्र करा. फार ढवळलं तर ब्रेड चिवट होतो. दह्यात सोडा लगेच फुलतो, म्हणून मिश्रण ठेवून देऊ नका. तेल लावलेल्या टिनमध्ये ओता. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 45 ते 50 मिनिटं बेक करा. सुरी कोरडी निघाली की ब्रेड तयार. गार झाल्यावरच कापा.