सूक्ष्मजीवांतील सहकार व फसवणूक : क्षेत्रविस्ताराचा प्रभाव आणि सोयाबीनचे उदाहरण

प्रस्तावना :
सूक्ष्मजीवांच्या समूहात काही पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करून सर्वांच्या उपयोगाचे द्रव्य निर्माण करतात; काही पेशी कोणताही खर्च न करता त्याचा लाभ घेतात. पहिल्यांना ‘सहकारी’ व दुसऱ्यांना ‘फसव्या’ पेशी म्हणता येईल. खर्च वाचत असल्याने फसव्या पेशींची वाढ अधिक व्हावयास हवी. मग सहकार नष्ट का होत नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार समूहाच्या क्षेत्रविस्ताराच्या अंगाने केला आहे.

यीस्टवरील प्रयोग :
सहकारी यीस्ट पेशी इन्व्हर्टेज हे विकर निर्माण करतात. त्यामुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. अमेरिकेतील जेफ गोर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, यातील सुमारे ९९ टक्के शर्करा निर्माण करणाऱ्या पेशीच्या हाती न लागता बाहेर पसरते. फसव्या पेशी तिच्यावरच पोसल्या जातात. पुढे २०१३ मध्ये गोर यांच्या गटाने एका ओळीतील लहान कुप्यांमधून यीस्टला पसरू दिले. विस्ताराच्या आघाडीवर पेशी विरळ असतात, त्यामुळे आयत्या शर्करेवर जगणे तेथे कठीण होते. परिणामी आघाडीवर सहकारी पेशींचे प्रमाण वाढले व त्यांनी फसव्या पेशींना मागे टाकले.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ :
वर्धेच्या मगनवाडीत १९३५ मध्ये महात्मा गांधींनी आहारात सोयाबीनचे प्रयोग केले होते. आज सोयाबीन हे जिल्ह्यातील प्रमुख खरीप पीक आहे. पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन चोळण्याची शिफारस आहे. हे जीवाणू मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करतात व मोबदल्यात झाडाकडून कर्बोदके घेतात. परंतु जमिनीत आधीच स्थिरावलेले, कमी नत्र देणारे जीवाणूही गाठी व्यापतात. येथे विस्ताराची आघाडी उरत नाही. सहकाराचे रक्षण वनस्पतीच करते. टोबी किअर्स व अन्य संशोधकांनी २००३ मध्ये सोयाबीनच्या गाठींना नत्रवायू मिळू दिला नाही, तेव्हा तेथील जीवाणूंचे प्रजनन सुमारे निम्म्याने घटले.

निष्कर्ष :
विस्तारात आघाडीवरील विरळता सहकारास साहाय्य करते. स्थिरावलेल्या समूहात मात्र फसवणुकीस आळा घालणारी यंत्रणा लागते. वनस्पतीचा हा आळाही अपुरा असल्याने केवळ गाठींची संख्या पाहून समाधान मानणे योग्य नव्हे. फुलोऱ्याच्या वेळी गाठ कापून पाहावी : आतील गुलाबी-लाल रंग नत्र स्थिरीकरण सुरू असल्याचे दर्शवितो, पांढरा किंवा हिरवट रंग त्याचा अभाव. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत हे निरीक्षण विनाखर्च समाविष्ट करता येईल आणि गाठींत नत्र स्थिरीकरण सुरू आहे की नाही, हे शेतकऱ्यासही बांधावरच कळेल.